दिव्या देशमुख : एकही नॉर्म नसताना ग्रँडमास्टर

ऑरेंजसिटी (धागाकर्ता)

२८ जुलै २०२५ला जॉर्जियातल्या बातुमीत दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच दिवशी ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतरची चौथी भारतीय महिला. आमच्या नागपुरात तर पुढे कितीतरी दिवस दुसरा विषयच नव्हता. पण कौतुक करून झालं की एक वाक्य हमखास यायचं, "तसा तिच्याकडे नॉर्म एकही नव्हता म्हणे, थेट मिळाला किताब." (नॉर्म म्हणजे किताबासाठी स्पर्धेत करून दाखवावी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी.) ऑफिसात ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, मुलांना बुद्धिबळ शिकवणाऱ्या एका गृहस्थांकडूनही ऐकलं. वाक्य खरं आहे. जिंकल्यावर दिव्याने स्वतःच ते सांगितलं. पण ज्या सुरात ते म्हटलं जातं तो मला अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय. बातुमीच्या आधीची वर्षं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांनाच हे अचानक घडल्यासारखं वाटतं.

तर ती वर्षं सांगतो.

जन्म ९ डिसेंबर २००५, नागपूर. आईवडील दोघेही डॉक्टर. मोठी बहीण बॅडमिंटन खेळायची, तिच्या मागे मागे हीसुद्धा जायची. पण पाच वर्षांच्या पोरीची उंची बॅडमिंटनच्या जाळीला कुठे पुरणार? म्हणून तिला जवळच्याच बुद्धिबळाच्या वर्गात बसवलं. तिथे तिला राहुल जोशी सर मिळाले. नागपुरातल्या बुद्धिबळाच्या मंडळींना हे नाव नव्याने सांगायला नको. २०१२मध्ये ती सात वर्षांखालील मुलींची राष्ट्रीय विजेती झाली. २०१४मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला दहा वर्षांखालील जगज्जेतेपद, २०१७मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालील जगज्जेतेपद.

वयोगटातले जगज्जेते दरवर्षी होतात आणि त्यातले बरेच पुढे दिसतही नाहीत, हे मला मान्य आहे. म्हणूनच पुढचा भाग जास्त महत्त्वाचा.

२०२०मध्ये राहुल सर गेले. वय अवघं चाळीस. दिव्या तेव्हा चौदा वर्षांची होती. ज्या माणसाने पटावर पहिली चाल करायला शिकवलं तो असा अचानक जाणं, तेही सगळ्या स्पर्धा ठप्प झालेल्या त्या वर्षात. पुष्कळ मुलांची गाडी अशा ठिकाणी रुळावरून घसरते. हिची घसरली नाही. २०२१मध्ये ती महिला ग्रँडमास्टर झाली, २०२२मध्ये भुवनेश्वरला महिलांची राष्ट्रीय विजेती, तीही सोळाव्या वर्षी. त्याच वर्षी चेन्नईच्या ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेत, भारताच्या 'ब' संघातून खेळून राखीव पटावर वैयक्तिक कांस्य. २०२३मध्ये अल्माटीत आशियाई विजेतेपद. नंतर कोलकात्याच्या टाटा स्टील रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांची स्पर्धा) वैशालीच्या जागी ऐनवेळी बोलावणं आलं. मैदानात सगळ्यात कमी गुणांकन तिचं, समोर जगज्जेती जू वेन्जुन, हंपी, हरिका. आणि स्पर्धा जिंकली दिव्याने. मला विचाराल तर ज्यांना डोळे होते त्यांना तिथेच दिसायला हवं होतं.

२०२४ सालाबद्दल तर किती लिहावं. जूनमध्ये गांधीनगरला जागतिक ज्युनिअर मुलींचं विजेतेपद, अकरापैकी दहा गुण, एकही हार नाही. सप्टेंबरमध्ये बुडापेस्टचं ऑलिम्पियाड. हंपी खेळत नव्हती. तिसऱ्या पटावर दिव्या अकराच्या अकरा फेऱ्या बसली, साडेनऊ गुण केले, पुन्हा एकही हार नाही. संघाला सुवर्ण, तिला वैयक्तिक सुवर्ण. त्या महिला संघाचे कर्णधार होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. त्याच दिवशी खुल्या (स्त्री-पुरुष सगळ्यांसाठीच्या) गटातही भारताने सुवर्ण जिंकलं आणि त्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता. मराठी माणसाने ऊर भरून यावं असा तो दिवस होता. टीव्हीवर मात्र मोजून दोन मिनिटं.

आणि मग बातुमी. मानांकन पंधरावं. चौथ्या फेरीत दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनर, टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडण्यासाठीच्या जलद डावांत) बाद. उपांत्यपूर्व फेरीत हरिका, टायब्रेकमध्ये बाद. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी. पहिला डाव बरोबरीत, दुसरा दिव्याने १०१ चालींत जिंकला. अंतिम फेरीत हंपी. हंपी ग्रँडमास्टर झाली २००२मध्ये, म्हणजे दिव्या जन्मायच्या तीन वर्षं आधी. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत, पहिला रॅपिड बरोबरीत, आणि दुसरा रॅपिड दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी घेतला. निकाल लागल्यावर खुर्चीतच तिला रडू आवरेना आणि मग तिने आईला मिठी मारली, ते सगळ्यांनीच पाहिलं असेल.

घरी परतल्यावर ती जे बोलली त्यात राहुल सरांचं नाव होतं. मी ग्रँडमास्टर व्हावं ही त्यांची फार इच्छा होती, हा किताब त्यांना, अशा अर्थाचं. माझ्या लेखी सगळ्या सत्कारांपेक्षा ते मोठं.

मंडळी, तुमचं मत लिहा. विरोधी असलं तरी लिहा.

सहावी_ओळ

उत्तम लेख. पण विरोधी लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

दिव्याबद्दल आदर आहेच. माझा प्रश्न नियमाचा आहे. आमच्या ओळखीतला एक मुलगा दोन नॉर्म घेऊन बसलाय आणि तिसऱ्यासाठी सर्बिया, हंगेरी, स्पेन करत फिरतोय. प्रत्येक फेरीला व्हिसा, तिकीट, राहणं, जेवण. बाप कर्ज काढून पाठवतो. दोनदा अर्ध्या गुणाने हुकला. त्याला तुम्ही काय सांगाल? एका स्पर्धेत किताब मिळतो तर मग नॉर्मचा हा जाच कशासाठी?

टायब्रेक

सहावी_ओळ, प्रश्न रास्त आहे. नियम आधी नीट मांडतो, कारण इथे वाचणाऱ्या सगळ्यांनाच नॉर्म म्हणजे काय ते माहीत असेल असं नाही.

ग्रँडमास्टर होण्याच्या नेहमीच्या रस्त्याला दोन अटी. एक, फिडेचं (जागतिक बुद्धिबळ संघटनेचं) गुणांकन कधीतरी २५००ला टेकलं पाहिजे. दुसरी अट, तीन नॉर्म. नॉर्म म्हणजे साधारण नऊ किंवा जास्त फेऱ्यांच्या स्पर्धेत २६०० दर्जाची कामगिरी. त्यातही प्रतिस्पर्ध्यांपैकी निदान एक तृतीयांश स्वतः ग्रँडमास्टर हवेत, आणि प्रतिस्पर्धी वेगवेगळ्या देशांचेही हवेत. तिन्ही मिळून किमान सत्तावीस डाव. एखाद्या आठवड्यात कुणाचंही नशीब फळफळू शकतं, तीन वेळा नाही, हा त्यामागचा विचार.

काही स्पर्धा फिडेने अशा ठरवल्यात की त्या जिंकणाऱ्याला किताब थेट मिळतो. महिला विश्वचषक त्यातला एक. खुल्या गटातली जागतिक ज्युनिअर स्पर्धा दुसरी. म्हणजे हा नियम फक्त मुलींसाठी आहे असं अजिबात नाही.

आता बातुमीत काय झालं ते बघा. झू जिनर ग्रँडमास्टर. हरिका ग्रँडमास्टर. तान झोंगयी ग्रँडमास्टर. हंपी ग्रँडमास्टर. ओळीने चार ग्रँडमास्टर घरी पाठवल्या, त्याही बाद पद्धतीत, जिथे एक वाईट दिवस म्हणजे परतीचं तिकीट. नॉर्मच्या स्पर्धेत तुम्ही एक डाव हरलात तरी पुढच्या दोन जिंकून सावरता. शिवाय नॉर्म जवळ आला की शेवटच्या फेरीत अर्धा गुण पुरेसा असेल तर पंधरा चालींत हात मिळवून मोकळं होता येतं. बाद फेरीत ती सोय नाही. बरोबरी केली तर उद्या परत बसा, रॅपिड खेळा, मग आणखी जलद.

तुमच्या ओळखीतल्या मुलाचं दुःख खरं आहे. पण त्याचं कारण भारतात पुरेशा नॉर्म स्पर्धा होत नाहीत हे आहे. दिव्याला थेट मिळालं म्हणून त्याचं काही कमी झालेलं नाही.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय, त्यामुळे थोडं मागे जाऊ द्या.

दिव्याचं यश बघताना मला १९७६ आठवतं. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १९७४ला आणि पहिली विजेती मुंबईची वासंती खाडिलकर. पुढच्या वर्षी बहीण जयश्री. त्यानंतर तिसरी बहीण रोहिणी. पहिली दहा वर्षं तो करंडक या तीन बहिणींच्या घराबाहेर गेलाच नाही. 'नवाकाळ'च्या नीळकंठ खाडिलकरांच्या या मुली. १९७६मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. हो, पुरुषांच्या. त्यावर एवढा गहजब झाला की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्री आहे म्हणून कुणाला अडवता येणार नाही. पुढे १९८१मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. ४२ वर्षांनी दिव्याने जिंकली ती हीच स्पर्धा.

मग आमची सांगली. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या जोरावर या गावात बुद्धिबळाचं जे रोप लावलं त्याची फळं आम्ही लहानपणापासून बघतोय. भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या. नंतर स्वाती घाटे. उन्हाळ्यात इथे स्पर्धा लागली की बाहेरगावची मुलं गावात कुणाकुणाच्या घरी उतरायची, आणि जेवायला आणखी एक ताट वाढण्यात कुणालाच काही वाटायचं नाही.

पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने २००९मध्ये अर्जेंटिनात जागतिक ज्युनिअर जिंकली. दिव्याने तीच २०२४मध्ये. आणि २०२२च्या चेन्नई ऑलिम्पियाडच्या त्या 'ब' संघात सौम्या आणि दिव्या दोघी एकत्र होत्या. धागाकर्त्यांनी हे लिहिलं नाही म्हणून मुद्दाम जोडतो.

सांगायचा मुद्दा असा की चेन्नईचा बोलबाला आहे आणि तो योग्यच आहे, पण मुलींच्या बुद्धिबळात महाराष्ट्राने पन्नास वर्षं रक्त आटवलंय. नागपूरची मुलगी आकाशातून पडलेली नाही.

ऑरेंजसिटी

कृष्णाकाठ, मनापासून धन्यवाद. सौम्याचा मुद्दा फार मोलाचा. १९७६चं प्रकरण माझ्या पिढीला ऐकूनही माहीत नाही.

नागपूरचंही थोडं सांगतो. दिव्या एकटी नाही. रौनक साधवानी २०१९मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. २०२१मध्ये संकल्प गुप्ता झाला. एका पिढीत एका शहरातून तीन. समुद्र नाही, मोठं फुटबॉल मैदान नाही, पण उन्हाळ्यात पारा ४५च्या वर गेला की पोरं दुपारभर घरातच असतात, आणि कूलरसमोर पट मांडून बसण्याइतका चांगला उद्योग दुसरा नाही. हे माझं निरीक्षण, शास्त्र नाही.

डबा_आणि_पट

मी अमरावतीची. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, वयोगटात खेळते. आईच्या बाजूने लिहिते.

दिव्याने जिंकल्यावर आईला मारलेली मिठी बघून आमच्यासारख्या सगळ्या आया रडल्या, त्याचं कारण बाहेरच्यांना कळणार नाही. स्पर्धेचा हॉल असतो ना, त्याच्या दाराशी आम्ही बसतो. आत जाता येत नाही. फोन बाहेर. पहिली दहा मिनिटं आईवडिलांना फोटो काढू देतात, मग दार बंद. बाहेर सतरंजी, डबे, पाण्याच्या बाटल्या, कुणाचं ऑफिसचं काम लॅपटॉपवर चाललंय, कुणी धाकट्याला झोपवतंय. दोन तास झाले की दार उघडायला लागतं आणि एकेक मूल बाहेर येतं. तोंडावरून कळतं. मान खाली असली तर काही विचारायचं नाही, हा तिथला न लिहिलेला नियम आहे. आधी पाणी द्यायचं, मग डबा. निकाल मूल स्वतः सांगतं. काही बाप दारातच ओरडतात, "घोडा तिथे का ठेवलास?" तेव्हा आम्ही सगळ्याच दुसरीकडे बघतो.

माझी मुलगी एकदा पाच तास आत होती. शेवटचं पोर. हत्ती आणि एक प्यादं जास्त होतं, जिंकता आलं नाही, बरोबरी झाली. बाहेर येऊन म्हणाली, "आई, मी देत नव्हते बरोबरी, तोच हलत नव्हता." दिव्याचा १०१ चालींचा डाव वाचला तेव्हा मला तेच आठवलं.

एक कडू गोष्टही लिहिते. आम्ही जिथे शिकवणी लावली होती तिथल्या एका सरांनी माझ्या तोंडावर सांगितलं की मुलींवर एवढा खर्च करू नका, दहावी आली की सोडतात. मी तेव्हाच शिकवणी बदलली. पण घरी येऊन नवऱ्याशी बोलताना मलाही वाटून गेलं की खरंच सोडेल का ही? दहावी येणार, मग क्लास, मग बारावी. दिव्याच्या आईने डॉक्टर असूनही मुलीबरोबर फिरण्यासाठी वेळ काढला. आमच्याकडे नोकरी सोडण्याची सोय नाही. मुलीने खेळावं आणि घरानेही चालावं, हे कसं जमवायचं ते कुणी सांगेल का?

नेदरलँडकर

मी इथे बरीच वर्षं आहे. दिव्याच्या कारकिर्दीतला एक तुकडा धाग्यात राहिलाय आणि तो सुखाचा नाही, पण लिहायला हवा.

जानेवारी २०२४. नेदरलँड्समधलं वाइक आन झे. समुद्रकाठचं छोटंसं गाव, बाहेर हाडं गोठवणारा वारा. स्पर्धा एका सामाजिक सभागृहात होते. एका टोकाला जगातले दिग्गज आणि त्याच छताखाली शेकडो हौशी खेळाडू. वाटाण्याचं दाट सूप ही तिथली परंपरा. बुद्धिबळावर प्रेम करणाऱ्याने एकदा तरी जावं असं ठिकाण.

त्या वर्षी दिव्या चॅलेंजर्स, म्हणजे दुसऱ्या फळीच्या, गटात होती. अठरा वर्षांची. समोर बहुतेक सगळे पुरुष ग्रँडमास्टर. निकालात ती तळाकडे राहिली, पण काही डाव तिने फार सुरेख खेळले. स्पर्धा संपल्यावर तिने समाजमाध्यमावर लिहिलं की प्रेक्षकांना आपल्या डावांशी काही देणंघेणं नव्हतं. कपडे, केस, बोलण्याची ढब, यावरच चर्चा. मुलाखती पुरुषांच्याही झाल्या, पण त्यांच्या खेळाबद्दल बोललं गेलं. हे लहानपणापासून सोसत आलेय, असंही तिने स्पष्ट लिहिलं.

आमच्या इथल्या भारतीय मंडळींच्या गटात तेव्हा दोन तट पडले. "हरली म्हणून बोलतेय" असं म्हणणारेही होते. मला तर तिचं ते लिहिणं पटावरच्या खेळाइतकंच निर्भीड वाटलं. आणि त्याच वर्षी पुढे गांधीनगर, बुडापेस्ट. "हरली म्हणून" म्हणणाऱ्यांनी नंतर काही लिहिल्याचं मी पाहिलं नाही.

सहावी_ओळ

टायब्रेक, नियम नीट समजावलात, आभार. चार ग्रँडमास्टर हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता, तो मान्य.

पण मग दुसरं विचारतो. बायकांचे वेगळे किताब, वेगळे विश्वचषक हवेतच कशाला? महिला ग्रँडमास्टरची अट तर आंतरराष्ट्रीय मास्टरपेक्षाही खाली आहे. बुद्धिबळात ताकदीचा प्रश्न नाही. हंगेरीच्या पोल्गार बहिणींनी ते दाखवून दिलंय ना? ज्युडिट तर महिलांच्या जगज्जेतेपदाच्या वाटेलाच गेली नाही.

टायब्रेक

अट खाली आहे हे खरं. महिला ग्रँडमास्टरला २३००, आंतरराष्ट्रीय मास्टरला २४००. पण डबा_आणि_पट यांच्या पोस्टमधलं दाराबाहेरचं वर्णन परत वाचा. सात-आठ वर्षांखालच्या गटात मुली बऱ्यापैकी दिसतात. सोळाच्या पुढे हॉलमध्ये नजर टाका. त्या गेल्या कुठे? बुद्धी आटली म्हणून गेल्या नाहीत. प्रवास, पैसा, असुरक्षितता, दहावी-बारावी, आणि "कशाला एवढं" म्हणणारे नातेवाईक. वेगळी स्पर्धा म्हणजे बक्षिसाची रक्कम, संघातली जागा, पुढच्या वर्षाचं तिकीट. बातुमीच्या विजेतीला ५० हजार डॉलर मिळाले. एवढ्या पैशात चांगला प्रशिक्षक मिळतो आणि परदेशी स्पर्धा खेळता येतात.

ज्युडिटसाठी एका बापाने अख्खं घर पणाला लावलं होतं. प्रत्येकीला ते मिळत नाही. महिला गट असावा आणि ज्यांना झेपेल त्यांनी खुल्या गटातही जावं. दिव्या नेमकं तेच करतेय.

पटाशेजारी

अंतिम फेरीच्या शेवटच्या डावाबद्दल थोडं, कारण मी तो थेट पाहत होतो.

कॅटलन सुरुवात, पांढरी मोहरी हंपीकडे. बराच वेळ डाव तोलून होता. मग दोघींची घड्याळं खाली आली. प्रत्येक चालीला मिळणाऱ्या जादा सेकंदांवर खेळ चालू होता आणि अशा वेळी अनुभवी माणूस जिंकतो अशी आपली समजूत. हंपी दोनदा जागतिक रॅपिड विजेती, २०१९ आणि २०२४. माझा भाऊ शेजारी बसून म्हणाला, आता हंपी घेणार. प्रत्यक्षात डावाच्या शेवटच्या टप्प्यात दोघींच्याही हातून चुका झाल्या आणि शेवटची चूक हंपीची ठरली. दिव्याची प्याद्यांची घोडदौड थांबवता येईना.

जिंकून काही मिनिटं झाली नाहीत तोच दिव्या मुलाखतीत म्हणाली की मला डावाचा शेवटचा टप्पा अजून नीट शिकायला हवा. विश्वचषक हातात यायचाय, डोळे अजून ओले, आणि पोरगी आपल्या खेळातली उणीव सांगतेय. पहिल्या क्लासिकल डावातही तिला जिंकायची संधी होती, ती निसटली होती. ते तिच्या डोक्यात असणारच.

तिच्या खेळाबद्दल माझं मत विचाराल तर ती बरोबरीला जवळ येऊ देत नाही. गुंतागुंत वाढवते, वेळ कमी असतानाही वाढवते. यात ती हरतेही. पण जून २०२५मध्ये लंडनला सांघिक ब्लिट्झमध्ये (अतिजलद डावांत) होऊ यिफानला ७४ चालींत हरवलं ते याच जिद्दीने. होऊ यिफान म्हणजे तेव्हा महिलांमध्ये जगात पहिल्या क्रमांकाची.

उत्तररंग

सगळं छान, पण विश्वचषकानंतरचं कुणीच लिहीत नाहीये. समरकंदला खुल्या ग्रँड स्विस स्पर्धेत ती वर नव्हती. नोव्हेंबर २०२५मध्ये गोव्याला खुला विश्वचषक झाला, तिथे तिला खास प्रवेश मिळाला आणि पहिल्याच फेरीत ग्रीसच्या कूरकूलोस-आर्दितिसने बाद केलं. मी पणजीहून मुद्दाम बघायला गेलो होतो. वाईट वाटलं. सत्कार, कोटींची बक्षिसं, जाहिराती या सगळ्यात खेळ मागे पडतोय की काय अशी भीती वाटते. राज्य सरकारने तीन कोटी दिले, आनंदच आहे. पण अपेक्षांचं ओझंही तेवढंच.

ऑरेंजसिटी

उत्तररंग, काळजी समजू शकतो, पण मी हे उलट वाचतो.

समरकंदला महिलांची ग्रँड स्विसही होती. नव्या विश्वचषक विजेतीने तिथे खेळून आरामात वरचा क्रमांक काढला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं. तिने खुला गट घेतला. तिथे जगज्जेत्या गुकेशसोबत बसून बरोबरी केली. मधल्या फळीत राहिली, पण रोज समोर तिच्याहून वरच्या गुणांकनाचा माणूस. गोव्याचंही तेच. महिला कँडिडेट्सची, म्हणजे जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेची, जागा तर बातुमीतच पक्की झाली होती, गोव्याला हरून दाखवण्याची तिला काही गरज नव्हती. तरी गेली.

किताब थेट मिळाला हे लोक म्हणणार हे तिलाही माहीत आहे. त्यावर उत्तर एकच, गुणांकन २५००च्या वर नेऊन तिथे टिकवणं. आणि ते महिलांच्या स्पर्धांत बसून होत नाही, खुल्या मैदानात मार खातच होतं. मला वाटतं तिने ते ओळखलंय. विसाव्या वर्षी पहिल्या फेरीत हरण्याने माझा तिच्यावरचा विश्वास वाढला.

राहता राहिला पैसा. तीन कोटी एका खेळाडूला दिले, जरूर द्यावेत. पण सहावी_ओळ यांच्या ओळखीतल्या मुलाला सर्बियाला जावं लागू नये यासाठी नागपूर, पुणे, सांगली, नाशिक इथे दरवर्षी एकेक बंदिस्त नॉर्म स्पर्धा घेतली तर त्याचा खर्च याच्यापुढे किरकोळ आहे. परदेशातून चार-पाच ग्रँडमास्टर बोलवायचे, दहा जणांची स्पर्धा, नऊ फेऱ्या. राज्य संघटना आणि सरकार मिळून हे करू शकतात. हा विषय वेगळ्या धाग्यात मांडूया का?

सहावी_ओळ

मांडा. मी आकडे गोळा करून देतो. त्या मुलाच्या वडिलांनी तीन वर्षांचा सगळा खर्च वहीत लिहून ठेवलाय, त्यांना विचारून टाकतो.

कृष्णाकाठ

सांगलीत जागेची आणि स्वयंसेवकांची सोय आमच्याकडे लागली. पूर्वी आंतरराष्ट्रीय स्पर्धा इथे झालेल्या आहेत, नव्याने शिकायचं काही नाही.

डबा_आणि_पट, ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहितो. प्रत्येक स्पर्धेला आईबापाने जायलाच हवं असं नाही. आमच्याकडे पूर्वी पाच-सहा मुलांमागे एक पालक जायचा, आळीपाळीने. अमरावती, अकोला, यवतमाळच्या मुलींच्या पालकांनी मिळून हे केलं तर वर्षाला प्रत्येकीच्या रजा दोन-तीन स्पर्धांपुरत्याच लागतील. मुलींसोबत एक बाई असावी एवढं मात्र पाळा. आणि दहावीच्या वर्षी स्पर्धा कमी करा, पट बंद करू नका. रोज अर्धा तास कोडी सोडवली तरी हात राहतो.

डबा_आणि_पट

काका, आळीपाळीचं खरंच सुचलं नव्हतं. आमच्या पालकांच्या गटावर आजच टाकते. अकोल्याच्या दोन आया तर ओळखीच्याच आहेत.

पटाशेजारी, तान झोंगयीविरुद्धचा तो १०१ चालींचा डाव मुलीला दाखवायचाय. तिला कळेल का? कसा दाखवू?

पटाशेजारी

कळेल. एका बैठकीत दाखवू नका, तीन दिवस घ्या. संगणकाचं मूल्यमापन बंद ठेवा, खरा पट आणि खऱ्या सोंगट्या मांडा. पहिल्या दिवशी फक्त सुरुवात. सिसिलियन बचावाविरुद्ध अलापिन नावाचा प्रकार आहे, पांढऱ्याने तिसऱ्या ओळीत वजिराच्या उंटापुढचं प्यादं का आणलं एवढंच विचारा. दुसऱ्या दिवशी मधला भाग, तिथे दर चार-पाच चालींनी थांबून "तू काय खेळली असतीस?" हे विचारायचं आणि तिचं उत्तर वहीत लिहून ठेवायचं, बरोबर-चूक सांगायचं नाही. तिसऱ्या दिवशी शेवटचा टप्पा, आणि तिथे तिला दिव्याच्या बाजूने बसवून तुम्ही स्वतः समोर बसा. तुम्हाला खेळता येत नसलं तरी चालेल, तानच्या चाली कागदावरून करत जा.